जागल्या: गेमच्या प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

७ जून २०२५, शनिवार

स्कोप, म्हणजे गेम केवढा करायचा ते, एकदाचा ठरला. एक खोरं, एक गाव, गावामागचा घाट आणि घाटमाथ्यावर पडकी दीपमाळ, बास. खेळायला साधारण तासभर. आमचा आर्टिस्ट म्हणत होता अजून दोन गावं सहज बसतील, टाइल्स (नकाशा जोडायचे चित्रांचे तुकडे) त्याच तर आहेत, आणि मी म्हटलं टाइल्स त्याच आहेत म्हणूनच नकोत.

बेथेस्डा या कंपनीचे दोन गेम शेजारी ठेवून बघा. १९९६ चा डॅगरफॉल, गावं हजारोंनी, बहुतेक सगळी मशीनने पाडलेली, नकाशा इतका अवाढव्य की पायी फिरायचा विचारसुद्धा कुणी करत नाही, मेनूतून उडी मारायची आणि पुढच्या गावात उतरायचं. मग २००२ ला मोरोविंड आला, त्यात त्यांनी सगळा पसारा आवरून एका बेटावर आणला, व्हार्डनफेल, आणि घरातल्या बाटल्या, उशा, फळीवरचे वाडगे हातानं मांडले. सेडा नीन हे त्यातलं पहिलं गाव अगदी चिमुकलं, पण ज्याने खेळलंय त्याला आजही विचारा, दीपस्तंभ कुठे आहे आणि फारगोथ रात्री कुठल्या खोडात पैसे लपवतो ते झोपेतून उठून सांगेल. डॅगरफॉलमधल्या एका तरी गावाचं असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आमची कथा थोडक्यात अशी: खेळणारा म्हणजे गावाचा नवा जागल्या, रात्रीचा राखणदार. जुना जागल्या एका रात्री गस्तीला गेला तो आलाच नाही, त्याची घुंगरकाठी तेवढी वेशीबाहेर सापडली. बाहेर वेताळ आहे हे पोराटोरांनाही माहितीय, तो वाईट आहे की नाही यावर मात्र गावात दोन तट आहेत. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गोडो ४, कारण फुकट, ओपन सोर्स, आणि चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट जोडून दाखवतं.

पुण्यातल्याच नोडिंग हेड्स या कंपनीने २०२० मध्ये राजी हा गेम काढला होता, तो ॲक्शन प्रकारातला, आमच्यासारखा आरपीजी (एखादं पात्र होऊन कथेत वावरायचा प्रकार) नाही, पण कथेचे तुकडे सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेत ते बघून आपल्याकडच्या गोष्टींना आपलाच आकार दिला तर किती वेगळं दिसतं ते लक्षात आलेलं. तेव्हापासून हे डोक्यात होतं.

१५ जून, रविवार

मॅपचा कच्चा खर्डा झाला. दिवसभर एकाच मुद्द्यावर घासाघीस, लांबून काय दिसणार.

थ्रीडीवाल्यांचं बरं असतं. एल्डन रिंगमध्ये (२०२२) ते सोन्यासारखं झळाळणारं एर्डट्री नावाचं झाड, मान वर केली की समोर, त्यामुळे आपण कुठे आहोत याचा अंदाज अंगात मुरतो. ब्रेथ ऑफ द वाइल्डला आरपीजी म्हणायचं की नाही हा वाद जाऊ द्या, पण निन्टेन्डोच्या लोकांनी २०१७ मध्ये जपानच्या सीडेक या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत सांगितलं होतं की त्यांनी डोंगर-टेकाडं मुद्दाम त्रिकोणी ठेवली. त्रिकोण समोर आला की चढायचं की वळसा मारायचा हे खेळणारा ठरवतो, आणि मागे झाकलेलं काहीतरी हळूहळू बाहेर यायला लागतं. काय साधी युक्ती आहे, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आमचा गेम वरून दिसणारा टूडी. क्षितिजच नाही, मग दीपमाळ दिसणार कुठून. शेवटी ठरलं की लांबचं ऐकवायचं. ओढ्याला आवाज, देवळाच्या घंटेला आवाज, घाटात वारा, कुंभाराच्या भट्टीपाशी लाकडं तडतडणार, आणि जवळ-लांब गेलं की हे कमीजास्त होतं, डावीकडचं डाव्या कानात येतं. नकाशाचा कोपरा स्क्रीनवर ठेवलेला नाही. आणि गावामागच्या टेपाडावर चढलं की कॅमेरा सावकाश मागे सरकतो आणि सगळं खोरं दिसतं, दीपमाळेसकट. असं टेपाड आख्ख्या गेममध्ये एकच. आर्टिस्टला अजून दोन हवी होती (त्याला सगळंच दोन-दोन हवं असतं).

त्याच्याशी बोलताना विषय निघाला लिफ्टचा. डार्क सोल्स, २०११. फायरलिंक या सुरुवातीच्या मुक्कामापासून निघायचं, वरच्या वस्तीत मार खात खात पुढे सरकायचं, पॅरिश नावाच्या भागापर्यंत पोचायचं, आता आपण कुठल्या कुठे आलो असं वाटत असतं, आणि तिथे एक लिफ्ट सापडते, ती खाली जाते, जाते, दार उघडतं तर समोर फायरलिंकच! त्या गेममध्ये नकाशा दिलेलाच नाही, म्हणून तो धक्का बसतो, डोक्यात आपण जे चित्र तयार केलेलं असतं ते एका क्षणात घडी पडून नीट बसतं. हातात नकाशा असता तर आधीच दिसलं असतं की हे दोन बिंदू शेजारी आहेत, मग कसला धक्का. आर्टिस्टची आवडती लिफ्ट एल्डन रिंगमधली, सिओफ्रा नदीला उतरणारी, एवढा वेळ खाली जाते की आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि खाली बघतो तर जमिनीच्या पोटात तारे. दोन्ही गेम फ्रॉमसॉफ्टवेअरचे, लिफ्टचं या कंपनीला काय वेड आहे कुणास ठाऊक.

आम्ही लिफ्ट घेणार नाही, पण घाटातून एक चोरवाट कुंभाराच्या भट्टीमागे उघडणार हे नक्की. लाकडांची तडतड आधी ऐकू येईल, मग भट्टी दिसेल.

२८ जून, शनिवार

आज पहिला क्वेस्ट, म्हणजे खेळणाऱ्याला द्यायची कामगिरी, लिहिला. बाण नाही, चमकणारी खूण नाही, कंपास नाही. म्हातारी वाट सांगणार आणि तेवढ्यावर जायचं.

मोरोविंडमध्ये हेच होतं. बालमोरा गावातला हॅसफॅट हा ड्वेमर नावाच्या जुन्या, लुप्त झालेल्या जमातीची एक कोड्याची डबी आणायला पाठवतो, आर्कंगथांड नावाच्या अवशेषांतून. सांगतो कसं, तर मूनमॉथ किल्ल्यापाशी या, पुढे दरीवर जुना पूल आहे तो ओलांडा, आणि अवशेषांचं दार असं ढकलून उघडत नाही, जवळच्या पाइपला क्रँक आहे ती फिरवायची. हे डायरीत लिहून ठेवलेलं असतं आणि आपण वाचत वाचत, पूल हाच का, हाच असणार, असं करत जातो. आत ती डबी कुठल्याशा खोलीत फळीवर पडलेली, आकाराने एवढीशी, लोकांनी ती शोधताना काय काय बोलून घेतलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आर्कंगथांड विसरलेला एकही खेळाडू नाही.

२००६ ला त्याच मालिकेतल्या पुढच्या गेममध्ये, ऑब्लिव्हियनमध्ये, कंपासवर खूण आली आणि त्यानंतरच्या स्कायरिमने (२०११) ती घट्ट केली. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे, ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक संवादाला आवाज दिलेला, मग परिच्छेदभर वाट सांगणारा मजकूर रेकॉर्ड करत कोण बसणार. आणि खरं सांगायचं तर नोकरी करून रात्री अकराला गेम उघडणाऱ्या माणसाला पूल शोधण्यात तास घालवायचा नसतो, मी स्वतः स्कायरिम त्याच बाणामागे पळत संपवलाय. पण मग स्कायरिममधल्या कितीतरी गुहा मला आत गेल्यावरच्या आठवतात, तिथे पोचले कशी ते अजिबात आठवत नाही, कारण सगळा वेळ डोळे बाणावर होते आणि आजूबाजूचा डोंगर फुकट गेला.

आता वाट सांगायची कशी हा प्रश्न. आईला फोन लावला आणि म्हटलं, आपल्या गावाकडे खालच्या आळीतनं धरणापाशी कसं जायचं ते मी परकी आहे असं समजून सांग. तिने जे सांगितलं त्यात एकही अंतर नव्हतं, दिशा नव्हती, सगळं ओढा, बांध, कुणाचं तरी वावर, आणि 'तिथनं कुणालाही विचार'. त्यावरून म्हातारीचा संवाद असा झाला:

'भट्टीपासनं नाकासमोर जा. ओढा लागंल, त्यो ओलांडू नगंस, त्याच्या अंगाअंगानं वर चढ. पाण्याचा आवाज बंद पडला की थांब, तिथं डाव्या हाताला पार हाय. पारामागनं वाट हाय, पर ती दिवसा दिसत न्हाई.'

शेवटचं वाक्य लिहिताना प्रोग्रॅमिंगच्या बाजूने मीच माझं काम वाढवून घेतलं, कारण आता वाट फक्त कंदील पेटवल्यावर दिसायला हवी. होईल, लाइटचा मास्क वेगळा ठेवावा लागेल. 'तिथनं कुणालाही विचार' हेही घेतलंय. रस्त्यावरच्या गुराख्याला विचारलं तर तो तीच वाट त्याच्या भाषेत सांगतो, एक खूण जास्त देतो आणि म्हातारीबद्दल काहीतरी खवचट बोलतो.

६ जुलै, रविवार

आषाढी. खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दुपारी गाढ झोप. काम शून्य. संध्याकाळी ओढ्याच्या आवाजाचं लूप तेवढं बदललं, जुन्यात दर काही सेकंदांनी एक 'टक' यायचं आणि एकदा ऐकू आलं की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

१९ जुलै, शनिवार

मजकुराच्या चौकटीवर काम. आरपीजीत अर्धा वेळ आपण वाचतच असतो त्यामुळे हे नीट झालंच पाहिजे.

अक्षरं एकेक करून टाइप झाल्यासारखी येतात ना, तो इफेक्ट देवनागरीत गंमत करतो. इंजिन सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे जोडाक्षर बनण्याआधीची अक्षरं मोजतं, म्हणून 'रात्री' हा शब्द र, रा, रात, मग पाय मोडलेला त, मग रात्र, मग रात्री असा धडपडत येतो. 'दिवा' तर अजून भारी, आधी नुसता द आणि मग वेलांटी मागून येऊन पुढे घुसते आणि द एक पाऊल सरकतो. मजकूर आख्खाच थरथरल्यासारखा दिसतो. उपाय सेटिंगमध्येच आहे, जोडून तयार झालेले आकार मोजा असं सांगायचं, मग 'त्री' एकदम येतं. आता शांत दिसतंय.

फॉन्टवरून आर्टिस्ट रुसलाय. त्याला पिक्सेल फॉन्ट हवा होता. पण इंग्रजी अक्षर आठ बाय आठच्या चौकोनात बसतं, आपल्याला वर रफार, अनुस्वार, मात्रा, मध्ये शिरोरेघ, खाली उकार, 'र्त्यू' सारखं काही आलं की तीन मजले होतात. चौकोन वाढवला तर चौकटीत दोनच ओळी मावतात. सध्या एक टाइपचा मुक्त हा फॉन्ट लावलाय, गुळगुळीत आहे, पिक्सेल चित्रांशेजारी थोडा उपरा दिसतो, पण वाचता येतो आणि मला तेवढं पुरे.

अंडरटेलमधून (२०१५) एक गोष्ट सरळ उचलली. तिथे मुख्य पात्रांच्या अक्षरांना स्वतःचा आवाज आहे, सान्स आणि पपायरसला तर फॉन्टसुद्धा आपापले, कुणी एक शब्द बोलत नाही आणि तरी आपल्याला त्यांचे आवाज ऐकू आल्यासारखे वाटतात. आमच्या दवंडीवाल्याला हलगीचा एक ठोका दिलाय, म्हातारीला सुपात धान्य घोळवल्याचा आवाज. पाटलाला काय द्यावं ते सुचत नाहीये. नवरा म्हणतो खाकरणं दे.

३ ऑगस्ट, रविवार

या प्रोजेक्टमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आज चालायला लागली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आरपीजी म्हटलं की आकडे आलेच, १९७४ ला डंजन्स अँड ड्रॅगन्स टेबलावर आला तेव्हापासून ताकद इतकी, चपळाई इतकी, सगळं फाशावर. त्याच वळणाने लोकांचं तुमच्याबद्दलचं मतही आकडा झालं. मोरोविंडमध्ये कुणाशी बोलताना त्याची तुमच्याबद्दलची पसंती शंभरपैकी किती ते पट्टीवर दिसतं, पैसे चारले की पट्टी वर. मजा येते, पण मग आपण माणसाशी बोलायचं सोडून पट्टीशी बोलायला लागतो. त्यापेक्षा तिथली लोकं 'परदेशी' म्हणून ज्या तुच्छतेने हाक मारतात ती जास्त लागते, आणि पुढे आपलं नाव झाल्यावर त्यांचा सूर बदलतो ते जास्त सुखावतं.

आपल्याकडे हे फुकटात मिळतं. तू, तुम्ही. पट्टी काढूनच टाकली. नवीन जागल्या गावात येतो तेव्हा पाटील 'ए, इकडं ये' म्हणतो. दुकानदार 'काय पाहिजे रे?'. दोन रात्री गस्त नीट घातली, घुंगरकाठीचा आवाज चारही आळ्यांत पोचवला, की दुकानदार 'या, बसा' वर येतो. स्क्रीनवर कुठेही 'तुमची पत वाढली' असं येत नाही. कोडमध्ये प्रत्येक पात्राला एक छोटा आकडा आहेच, नसून कसं चालेल, पण तो बाहेर फक्त क्रियापदातून दिसतो. यासाठी प्रत्येक वाक्य दोनदा लिहावं लागतंय आणि जीव जातोय, कारण नुसतं 'ये' चं 'या' करून भागत नाही, तुम्ही म्हणणारा माणूस मुळात वेगळं बोलतो, कमी बोलतो, खवचट असला तर जास्तच गोड बोलतो.

दोन अपवाद ठेवलेत. म्हातारी शेवटपर्यंत 'तू' आणि 'लेकरा' वरच राहणार, तुम्ही वेताळाला घरी जेवायला आणलंत तरी. आणि कुंभार. तो पहिल्यापासून 'तुम्ही' म्हणतो, भला माणूस आहे. त्याच्या भावाबद्दल एक गोष्ट त्याच्यापासून लपवायची की सांगायची असा प्रसंग आहे. लपवली तर तेव्हा काहीच होत नाही. पुढे केव्हातरी भट्टीपाशी गेलात की तो लाकडं सारत, मान वर न करता म्हणतो, 'तुला माहीत होतं.' आणि त्यानंतर तो कायम 'तू' म्हणतो.

नवऱ्याला खेळायला दिलं. त्या वाक्यावर थांबला, मागचा सेव्ह शोधायला लागला. मागचा सेव्ह नाहीये, गेम आपोआप एकाच जागी सेव्ह होतो. माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कुंभार.

१६ ऑगस्ट, शनिवार

गावकऱ्यांचं वेळापत्रक. इथे खूप कापाकापी केली.

अल्टिमा ७ मध्ये, म्हणजे १९९२ साली, माणसं सकाळी उठायची, कामाला जायची, संध्याकाळी गुत्त्यात बसायची. पोत्यातलं पीठ टेबलावर घ्या, बादलीतलं पाणी घाला, गोळा भट्टीत ठेवा, पाव तयार. त्याचा कथेशी काडीचा संबंध नाही आणि लोक अजून त्या पावाबद्दल बोलतात. २००१ च्या गॉथिकमध्येही छावणीतली माणसं रात्री झोपायला जायची, तुम्ही त्यांच्या झोपडीत घुसलात तर हाकलायची. ऑब्लिव्हियनने रेडियंट एआय म्हणून त्याचा केवढा गाजावाजा केला.

आणि मधला मोरोविंड? तिथले दुकानदार दिवसरात्र एकाच जागी उभे. झोपत नाहीत, जेवत नाहीत. तरी ते गाव जिवंत वाटतं. याचा विचार करत बसले होते. मला वाटतं तिथे प्रत्येकाचं काहीतरी मत आहे, देवळाबद्दल, शेजारच्या घराण्याबद्दल, साम्राज्याबद्दल, आणि ती मतं एकमेकांशी जुळत नाहीत. रेडियंट एआयवाला माणूस बाजारात दुसऱ्याशी चिखलातल्या खेकड्यांबद्दल एक वाक्य बोलून 'बरंय मग' करून निघून जातो, ते वेळापत्रक घड्याळासारखं चालतं पण त्या माणसाला म्हणायचं काहीच नसतं.

म्हणून सगळ्यांची वेळापत्रकं काढून टाकली. दिवेलागणीला दारं लागतात, कोनाड्यात दिवे लागतात, माणसं आत जातात, संपलं. वाचलेला वेळ मतांवर घालवला. वेताळाबद्दल प्रत्येकाचं म्हणणं वेगळं: पाटील म्हणतो अफवा, दवंडीवाला म्हणतो स्वतः पालखी बघितली, म्हातारी म्हणते तो राखणदार आहे आणि त्याला राग यायचं कारण पाटलाला विचारा. भाकरीचं मात्र ठेवलं. पीठ, पाणी, चूल. उपयोग काही नाही.

मग आठवण ठेवायचा भाग. क्रोनो ट्रिगर, १९९५, स्क्वेअरचा. सुरुवातीला जत्रेत फिरताना कुणा म्हाताऱ्याचा डबा ठेवलेला दिसतो, बटण दाबलं की खाऊन टाकता येतो, आरपीजीत कुणी असं काही सोडतं का. पुढे राजकन्येला पळवल्याचा खटला उभा राहतो आणि साक्षीदार म्हणून तो म्हातारा! तिथेच एका मुलीचं मांजर शोधून दिलं असेल तर तीही येते, तुमच्या बाजूने बोलायला. सात पंच मतं देतात. आणि मजा बघा, सुटलात तरी तुरुंगात जाताच, निकालाने कथा फारशी वळत नाही. आपल्याला धक्का बसतो तो निकालाचा नाहीच, आपण एकटे आहोत असं समजून जे केलं ते कुणीतरी बघत होतं याचा बसतो.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) मध्येही याच जातीची एक छान गोष्ट आहे. मेलेल्याशी बोलायचा मंत्र आहे, पण ज्याला तुम्हीच मारलंय तो तुमच्याशी बोलत नाही. मग वेश बदलून जायचं. हे कुणी शिकवत नाही, मंत्राच्या वागण्यातून कळतं. याच्या अगदी उलट स्कायरिममधली महत्त्वाची पात्रं, कितीही मारा, गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा तेच बोलतात. मोरोविंडमध्ये मरतात, आणि गेम सांगतो की भविष्याचा धागा तुटला, जुना सेव्ह उघडा नाहीतर या बिघडलेल्या जगात राहा. राहू देतो हे महत्त्वाचं.

आमच्याकडे डब्याऐवजी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया. येताजाता खाता येतात. चावडीवरच्या प्रसंगात त्या बाई उठून सगळ्यांसमोर म्हणणार, 'वेताळाचं राहू द्या, माझ्या कुरडया कुणी खाल्ल्या त्ये आधी इचारा.'

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीला ताई आणि मुलं आलेली, त्यामुळे पहिली खरी चाचणी. मी मागे बसून तोंड बंद ठेवायचं असं ठरवलेलं, ते जमवलं, फार कठीण गेलं.

भाच्याने पहिला प्रश्न टाकला, 'मावशी, ॲरो कुठंय?' ॲरो नाही म्हटल्यावर वैतागला, इकडेतिकडे पळाला, कोंबड्यांना काठी मारून बघितली (स्कायरिममध्ये कोंबडी मारली की आख्खं गाव अंगावर येतं, हे त्याला पक्कं माहिती, इथे काय होतं ते बघायचं होतं). मग एका म्हशीच्या मागे लागला. म्हशीचं एक साधं स्क्रिप्ट आहे, ठरलेल्या बिंदूंवरून फिरते, आणि तिच्या टक्करीच्या सेटिंगमध्ये (कशाला धडकून थांबायचं ते) गडबड असल्याने ती भट्टीमागच्या भिंतीतून आरपार गेली. भाचा तिथेच थांबला. 'म्हणजे इथं रस्ता आहे.' आणि भिंत धुंडाळत चोरवाटेचं दुसरं टोक शोधून काढलं, जे त्याला शेवटी मिळायला हवं होतं. मग तो घाटातून उलटा खाली आला, वाट उलटी लावली आणि आईला ओरडून सांगितलं की मी गेम हॅक केला. ताईला आता गेममधलं फक्त ती म्हैस माहितीय.

भाचीने मात्र म्हातारीचं ऐकून जायचा प्रयत्न केला आणि पारापाशी अडली. पार म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, वाढली बंगळुरात, कुठून माहीत असणार. ती झाडाला सोडून दगडी ओट्याला शोधत होती, मग उलटं. कुठेतरी माहितीची टीप टाकायची कल्पना आर्टिस्टने सुचवली ती बाद, टीप आली की शाळेचं पुस्तक झालं. मोरोविंडमध्ये सिल्ट स्ट्रायडर म्हणजे काय हे कुणी सांगत नाही, सेडा नीनमध्येच तो अगडबंब किडा घोगरा आवाज काढत उभा असतो, पैसे दिले की दुसऱ्या गावाला नेतो, समजतं. तसं आता सुरुवातीच्या प्रसंगात गावकरी पिंपळाखालच्या पारावर बसलेले असतील आणि दवंडीवाला म्हणेल, 'उभा का, ये पारावर.' बसायचं बटण तिथेच शिकवता येईल, दोन कामं एकात.

आवाजावरून वाट शोधणं तिला व्यवस्थित जमलं. हेडफोन काढून दिला तेव्हा मात्र पूर्ण हरवली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी काहीतरी दिसणारं हवंच, पाण्याच्या बाजूला स्क्रीनच्या कडेला बारीक तरंग वगैरे, बंद-चालू करता येण्यासारखं. नोंद करून ठेवते.

१४ सप्टेंबर, रविवार

उरलेले छोटे क्वेस्ट लिहायला घेतले. द विचर ३ (२०१५) पुन्हा काढला होता, मुद्दाम फक्त सुरुवातीचा भाग. व्हाइट ऑर्चर्डमध्ये एक म्हातारी कुलूपबंद घरापुढे उभी, म्हणते माझा तवा आत राहिलाय. राक्षस मारणारा हा एवढा मोठा गडी, दार उडवतो, आत जातो, आणि आतल्या सामानावरून तिथे काय होऊन गेलंय ते हळूहळू कळतं. म्हातारीला त्यातलं काहीही ऐकायचं नाही, तिला तवा हवाय. पाच मिनिटांचं काम, आणि युद्ध सामान्य माणसाला कसं दिसतं ते त्यात आलं.

त्याच गेममधल्या, व्हेलन प्रांतातल्या बॅरनबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी खेळलंय त्यांना माहितीय, ज्यांनी नाही त्यांचा रसभंग नको. पण रचना बघण्यासारखी आहे. एका टेकडीखाली अडकलेल्या आत्म्याला सोडायचं की मारायचं हे तुम्ही एका ठिकाणी ठरवता, आणि त्याचा बॅरनच्या घरावर काय परिणाम झाला ते बऱ्याच नंतर, दुसऱ्याच ठिकाणी समजतं. तोपर्यंत इतकं खेळून झालेलं असतं की मागे जाऊन बदलायची इच्छाच होत नाही. कुंभाराचा प्रसंग आम्ही भावाच्या प्रसंगापासून दूर ठेवलाय तो त्यामुळेच, आणि आता अजून थोडा लांबवलाय.

आणखी एक जे कुठल्याच यादीत येत नाही, मोरोविंडमध्ये सेडा नीनच्या बाहेर रस्त्यावर आकाशातून किंचाळत पडणारा तो जादूगार. मरतो. त्याच्याजवळ एक वही आणि उडायचे तीन स्क्रोल. वही वाचून वाटतं केवढी भारी जादू, स्क्रोल वापरायचा, उडी मारायची, अर्धं बेट ओलांडायचं, आणि उतरायचं कसं याचा विचार त्याने केला नव्हता हे खाली येताना आठवतं. गेम कुठेही 'सावधान' म्हणत नाही. असं आमच्याकडे एक तरी हवं म्हणून घाटात एक जुनी गोफण ठेवलीय, शेजारी एक हाडाचा सापळा, बाकी काही लिहिलेलं नाही.

गेमच्या पुढच्या बिल्डसाठी (चालवून बघायच्या आवृत्तीसाठी): पारावरचा प्रसंग, पाण्याचे तरंग, पाटलाचं खाकरणं (नवरा जिंकला), चावडीतल्या बाईंची दोन्ही वाक्यं, कंदिलाच्या उजेडात वाटेची कड फाटल्यासारखी दिसते ते. म्हशीची टक्कर दुरुस्त करणार नाही. उलट ती भिंत जिथे ओलांडते तिथे आर्टिस्ट जमिनीवर खुरांच्या खुणा काढतोय, दिवाळीच्या आधी पाठवतो म्हणालाय.